भावोजींचं बोलणं

तिसरी फाइल सुरू झाली, डॉक्टरांनी पेशंटचं नाव सांगितलं आणि नानांचा पाय पॅडलवरून आपसूक उचलला गेला.

पाय उचलला की डॉक्टर गप्प, पाय दाबला की डॉक्टर बोलायला लागणार. एवढी सत्ता नानांच्या पायात होती आणि घरात तिच्यावरून पुष्कळ थट्टा झालेली होती. हॉस्पिटलच्या स्कॅन विभागातले डॉक्टर फोटो बघत जे बोलत, त्याच्या फाइली नानांच्या घरी कॉम्प्युटरवर येत आणि नाना त्या ऐकून रिपोर्ट टाइप करत. डाव्या कानात डॉक्टर. उजवा कान मोकळा, तो घरासाठी. लहानपणीच दृष्टी गेलेल्या माणसाला दोन्ही कान एकाच कामाला जुंपणं परवडत नाही.

उजव्या कानाला आत्ता वहिनी ऐकू येत होत्या. वहिनी म्हणजे नानांची बायको. सगळी आळी त्यांना वहिनीच म्हणायची. खिडकीखाली बसून त्या मटार सोलत होत्या. शेंग फुटायची, दाणे पातेल्यात पडायचे, मग पुढची शेंग.

नाव काही जगावेगळं नव्हतं. शोधलं तर गावात त्या नावाच्या दहा बायका निघाल्या असत्या. नानांनी मनाची तशी समजूत घातली आणि पाय खाली ठेवला. डॉक्टरांनी वय सांगितलं. पाठीत दुखतं म्हणाले, वजन घटलंय म्हणाले. आदल्या दिवशी स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर वहिनींची पिशवी मांडीवर घेऊन नानाच बसले होते. आता समजूत घालायची तरी कुणाची?

घरच्या माणसाचा रिपोर्ट टाइप करू नये असा काही नियम नव्हता, कारण तशी वेळ येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि डॉक्टरांना तरी काय ठाऊक? त्यांच्यापुढे दिवसभर पोटं आणि छात्या सरकत असत. त्या कुणाच्या, हे त्यांनी कधी विचारलं नाही. वाईट काही सांगायचं असलं की ते आधी घसा खाकरत. ही सवय त्यांची त्यांनाही माहीत नसावी, नानांना मात्र पाठ होती.

डॉक्टरांनी घसा खाकरला.

स्वादुपिंडात गाठ. यकृतात बऱ्याच ठिकाणी तसेच डाग. पोटात थोडं पाणी. डॉक्टर सांगत गेले आणि नानांची बोटं टाइप करत गेली. असल्या वाक्यांना ती सरावलेली होती, कुठे अडखळली नाहीत. नानांना नंतर कितीतरी दिवस आपल्या बोटांचाच राग येत राहिला.

रिपोर्ट पुरा झाला की पाठवण्याआधी एकदा सबंध ऐकायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्यात त्यांनी कधी सूट घेतली नव्हती. खरं म्हणजे त्या दिवशी दोन्ही कानांवर हेडफोन चढवून ऐकता आलं असतं. पण दोन्ही कान झाकले की खोली गायब होते. वहिनी उठून मागे येऊन उभ्या राहिल्या असत्या तरी पत्ता लागला नसता. त्यापेक्षा आपला नेहमीचा स्पीकर बरा. तिथे कुलूप पक्कं होतं. नानांनी बटण दाबलं आणि भावोजी वाचायला लागले.

हे भावोजी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

स्क्रीनवरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, त्याचा तो आवाज. पहिल्यांदा घरात आला तेव्हा लेक अजून रांगत होती. सर्दी झालेला माणूस पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलतो आहे, असं काहीसं ते ऐकू यायचं. लेकीनं भोकाड पसरलं. वहिनी कमरेवर हात ठेवून थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कोण? तुमचे भाऊ शोभतात अगदी. तुम्हीही सर्दीत असेच बोलता." त्या दिवसापासून ते भावोजी झाले. "भावोजींना झोपवा आता, पोरीला झोपायचंय." "आज भावोजींचा घसा बसलेला दिसतोय, तो स्पीकर जरा बघा." घरात सख्खा दीर नव्हता, ती हौस वहिनींनी अशी भागवून घेतली.

सुरुवातीला भावोजी तुमच्याआमच्यासारखे सावकाश बोलत. पण सावकाश बोलणाऱ्याच्या हाताखाली काम उरकत नाही. नाना वेग वाढवत गेले. कान सरावला की आणखी थोडा, मग आणखी. शेवटी असं झालं की बाहेरच्या माणसाला ते बोलणं आहे हेच कळेना. कुरिअरवाला दारात उभा राहून विचारायचा, "काका, मशीन बिघडलंय का तुमचं?" पाहुणे हळूच वहिनींकडे बघायचे. नाना मात्र त्या किरकिरीतून स्वल्पविरामसुद्धा वेचून घ्यायचे. "नानांच्या नजरेतून काही सुटत नाही," असं शेजारी म्हणत आणि मग जीभ चावत.

त्या वेगालाच नाना आपलं कुलूप म्हणत. लोकांची दुखणी घरात उघडी पडता कामा नयेत, हे त्यांनी फार जपलं होतं. कुणाचं काय निघालं, हा शब्द त्यांनी बायकोजवळही कधी काढला नाही. वहिनींनीही कधी विचारलं नाही, याचं त्यांना कौतुक होतं.

तर भावोजींनी तो रिपोर्ट वाचला. एरवीच्याच वेगात, एरवीच्याच नाकातल्या सुरात. गाठ, डाग, पाणी. शेंगा फुटायचा आवाज मध्येच कधीतरी थांबला होता, पण नानांच्या उजव्या कानानंही त्या दिवशी काम सोडलं होतं.

वहिनी उठल्या. गुडघ्यावर हात टेकून उठायच्या, तशाच.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या.

०

लेकीला सांगणं भाग होतं. ती दुसऱ्या गावी असते, नवरा आणि लहान मुलगा सांभाळून नोकरी करते. फोनवर तिनं सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आईला सांगायचं नाही. ती खचेल."

"तेच म्हणतोय मी."

"तुम्हाला जमेल?"

"न जमायला काय झालं," नाना म्हणाले. "आयुष्यभर पोटातच ठेवत आलोय."

मोठ्या डॉक्टरांनीही फार आशा दाखवली नाही. दुखणं कमी ठेवू, एवढंच म्हणाले. सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मग नाना आणि लेकीनं मिळून पित्ताशयाला सूज आली असल्याचं ठरवलं. वहिनींनी ते ऐकून घेतलं.

"सूज ना? मग उतरेल," त्या म्हणाल्या, आणि पुढे एक प्रश्न नाही. नानांना आपण फारच सफाईनं बोललो असं वाटलं. ज्या बाईनं बाजारात कधी पहिल्या भावाला भाजी घेतली नाही, तिनं ही सूज काही घासाघीस न करता पदरात घेतली, यात काही वावगं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माणूस लपवायच्या नादाला लागला की त्याला स्वतःच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही.

घरात पुढे जे चाललं होतं त्याचाही त्यांनी सोयीचा अर्थ लावला. वहिनींनी स्वयंपाकघरातले डबे नव्यानं लावायला काढले. साखर उजवीकडे पहिली, चहाची पूड तिच्या मागे, मीठ मुद्दाम लांब. "माझा हात वर पोचत नाही हल्ली," म्हणून सगळं खालच्या फळीवर आलं. नाना लग्नाआधी होस्टेलवर स्टोव्हवर भात शिजवून खात असत, पण त्यानंतर स्वयंपाकघरात वहिनींनी त्यांना पाहुण्यासारखं ठेवलं होतं. आता त्या ओट्याला टेकून उभ्या राहत आणि नानांना हाताशी घेत.

"आज तुम्ही टाका चहा. माझी कंबर धरलीय."

"टाकतो की."

"उतू घालवाल. उकळी ऐका. आधी कुरकुरतो, मग एकदम गप्प होतो, तेव्हा हात तयार ठेवायचा. गप्प झाला की वर येणारच."

नाना ऐकत. त्यांना वाटे, आजारपणात करमत नाही बिचारीला, शिकवू दे. आणि असं वाटलं की ते खोटंच खोकत.

रात्री दोघं शेजारी पडून राहत. नाना श्वास संथ ठेवून झोपल्याचं सोंग करत. वहिनी हलत नसत, म्हणजे झोप लागली म्हणायची. तेवढं तरी सुख आहे तिला, असं त्यांना वाटे.

०

वहिनींचं अंथरूण बाहेरच्या खोलीत, नानांच्या टेबलाजवळ आणलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत हॉस्पिटलचा कॉम्प्युटरवाला नवं मशीन घेऊन आला. जुनं आता चालवायचं नाही, सगळीकडचं बदलायचं, असा वरून हुकूम होता. माणूस भला होता. चपला दाराबाहेर काढून, आवाज खाली घेऊन बोलत होता.

"आता ऐका नाना," वायरी जोडून झाल्यावर तो म्हणाला. "मशीन आहे असं वाटणारच नाही. एखादी बाई शेजारी बसून वाचतेय, अगदी तसं."

खरंच तसं होतं. मऊ, गोड, स्वच्छ आवाज. वाक्याच्या शेवटी जरा खाली उतरणारा, प्रश्न असला की वर चढणारा.

"छान आहे," नाना म्हणाले. "वेग वाढवा."

त्यानं वाढवला.

"आणखी. आणखी वाढवा, भिऊ नका."

नेहमीच्या वेगाला आल्यावर त्या गोड बाईंचे सगळे शब्द एकमेकांत कालवले गेले. नानांनी मान पुढे केली, कपाळाला आठ्या घातल्या, पण काही हाती लागेना. "जुन्याचं याच वेगात लख्ख कळतं," ते म्हणाले.

"तो पत्र्यासारखा आवाज होता ना. एकेक अक्षर सुटं. कितीही पळवा, सुटंच राहायचं. ही माणसासारखी बोलते, मग पळताना माणसासारखीच धापा टाकणार."

"मग जुनाच घाला यात."

"नाही बसत यात. बनवणाऱ्यांनीच सोडून दिलाय तो. सवय होईल हो नाना, थोडा वेग कमी करून बघा."

तेवढ्यात अंथरुणावरून वहिनी बोलल्या. दुखण्यावरचं औषध नुकतंच दिलं होतं. त्यानं त्यांची जीभ जड व्हायची आणि बोलणं झोपेच्या काठावरून आल्यासारखं यायचं.

"भावोजींनी लग्न केलं वाटतं," त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटरवाला गोंधळला. नानांना हसू आलं. "नवा आवाज आहे गं. मशीन बदललं."

"जाऊबाई गोड आहेत हो. पण यांचं घाईचं मला काही कळत नाही." त्या थोडं थांबल्या. "भावोजींचं कसं सगळं कळायचं."

कॉम्प्युटरवाल्यानं विनोद समजून हसून घेतलं. तो आणखीही काही सांगत होता, कुठलं बटण कशाला. नानांचे हात मात्र टेबलावर जिथल्या तिथे राहिले होते. मग ते म्हणाले, "जुनं मशीन इथेच राहू द्या."

"मला घेऊन यायला सांगितलंय."

"सांगा, नाना देत नाहीत म्हणून. तुमच्यावर येऊ देणार नाही मी."

त्यानं नानांच्या तोंडाकडे पाहिलं असावं. मग त्यानं जुन्या मशीनच्या वायरी परत जोडल्या आणि चपला घालून गेला.

नाना खुर्चीवर बसले. औषधाच्या गुंगीत माणूस काहीही बोलतं, ते मनाशी म्हणाले. त्यांनी भावोजींना सुरू केलं, वेग नेहमीचाच. लेकीचा सकाळी आलेला मेल अजून उघडलेला नव्हता, तो उघडला. भावोजी नाकातून किरकिरत धावू लागले. लेकीनं मुलाचे प्रताप लिहिले होते. कुत्र्याला आंघोळ घालायची म्हणून चिरंजीव कपड्यांसकट टबात उतरले, साबणाची वडी संपवली, सगळी मोरी फेसानं भरली. कुत्रा मात्र अजून कोरडाच आहे.

अंथरुणावर वहिनी हसल्या.

आजारपणानं बारीक झालेलं हसू होतं, पण नेमक्या जागी आलं. भावोजी पुढच्या वाक्याला लागायच्या आत आलं. नानांनी बटण दाबून भावोजींना थांबवलं.

"तुला कळतं," ते म्हणाले.

हसू तिथेच विरलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

"अगं, कधीपासून?"

"लेक शाळेत जायला लागली, तेव्हापासून असेल," त्या अखेर म्हणाल्या. "मी काही शिकायला बसले नव्हते. इतकी वर्षं एका खोलीत बसून कानावर पडतंय, दगडालाही कळायला लागेल. आधी एखादा शब्द कळायचा. मग एक दिवस सगळंच कळायला लागलं."

"आणि बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही त्याला कुलूप म्हणायचात. किती अभिमान होता तुम्हाला त्याचा. म्हटलं, असू दे बंद. मी कुठे कुणाला सांगायला जाणार होते?"

नानांना एकेक आठवायला लागलं. समोरच्या टेलरकाकूंचा रिपोर्ट वाईट आला होता, त्या संध्याकाळी वहिनी काही कारण नसताना त्यांच्याकडे जाऊन बटणं लावत बसल्या होत्या. असे किती रिपोर्ट. आणि दरवेळी, वाईट काही निघालं की पाठीमागून तेच दोन शब्द यायचे. नाना समजत होते, आपल्या पाठीवरून तिला आपला शीण कळतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांजवळ ते तिची तारीफ करत: मला न विचारता चहा टाकते, नेमका हवा तेव्हा.

"चहा," ते म्हणाले. "तो त्यासाठी टाकायचीस?"

"बसून राहवायचं नाही मला," वहिनी म्हणाल्या. "ते माणूस आपल्या घरी जेवत असेल, नाहीतर पोरांवर ओरडत असेल. त्याला अजून काही ठाऊक नाही. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही टाइप केलंत, भावोजींनी वाचलं, आणि गेला रिपोर्ट. पुढची फाइल. कुणाच्या तरी घरावर आभाळ कोसळलंय आणि जगात कुणी जागचं हललंसुद्धा नाही, हे बरं नव्हे. म्हणून मी उठायची. चहाचं आपलं निमित्त."

आळीत भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत नानांना विचारायचं धैर्य झालं नाही.

"म्हणजे त्या दिवशी..."

"हो."

"मटार सोलत होतीस."

"हो. तुम्ही स्पीकर बंद कराल असं वाटलं होतं. मग लक्षात आलं, तुम्हाला वाटतंय मला कळत नाही."

नाना खुर्चीवरून उठले आणि अंथरुणाशी येऊन खाली बसले. इतके दिवस आवरलेलं रडं आलं ते आवाज करत, लहान मुलासारखं. वहिनींचा हात त्यांच्या केसांत आला. त्याला आता वजनच उरलं नव्हतं.

"मग सोंग का केलंस?"

"तुम्ही इतकं जिवापाड लपवत होतात. मला मोडवेना." त्या दम घ्यायला थांबल्या. "आणि तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, एवढं मला पुरेल असं वाटलं. नाही पुरलं. मला रात्री जाग येते आणि फार भीती वाटते हो. तुम्ही जागे असता, मला श्वासावरून कळतं. पण तुम्ही झोपल्याचं सोंग करता, म्हणून मीही करते."

"अगं, मग हाक मारायचीस."

"मारणार होते. रोज वाटायचं, उद्या मारू."

दोन महिने गेले होते. एका अंथरुणावर, एका हाताच्या अंतरावर, दोन माणसं एकमेकांना झोपल्याचं दाखवत जागी होती. आता हातात किती उरले होते, हे दोघांनाही त्या रिपोर्टनं बरंचसं सांगून ठेवलं होतं. नानांनी वहिनींचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तो सोडला नाही, एवढंच त्यांना सुचलं.

"वाचायला लावा भावोजींना," थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या. "लेकीचं अर्धंच राहिलंय. आणि हळू नका करू हं माझ्यासाठी."

०

जे दिवस उरले त्यांत ती दोघं बोलली. कुणाला काय द्यायचं, हिरवी शाल टेलरकाकूंना, हे बोलली. भीतीचंही बोलली. रात्री जाग आली की आता वहिनी हाक मारायच्या आणि नाना लगेच "आहे" म्हणायचे. कधी कधी दोघं काहीच बोलत नसत आणि भावोजी तेवढे बोलत: बातम्या, लेकीचे मेल, कुठलीशी जुनी प्रवासवर्णनं, सगळं त्या भन्नाट वेगात. लेक येऊन राहिली तेव्हा ती कानांवर हात ठेवायची. "तुम्हाला खरंच कळतंय हे दोघांना?" ती विचारायची. "आम्हाला कळतंय," वहिनी म्हणायच्या, आणि त्या "आम्हाला"वर नाना दिवस काढायचे.

मग वहिनींना ऐकू येईनासं झालं, की ऐकून हसण्याइतकी ताकद उरली नाही, कोण जाणे. एका सकाळी नानांनी हाक मारली आणि उलट हाक आली नाही.

लेक महिनाभर राहिली. जाताना म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला." नाना म्हणाले, बघू. ती म्हणाली, "मग निदान दोन्ही कानांचा हेडफोन वापरा. आता कुणाची चाहूल घ्यायचीय तुम्हाला? शेजाऱ्यांना तरी त्रास नको." तिला तसं म्हणायचं नव्हतं. बोलून गेल्यावर ती रडली आणि नानांनीच तिची समजूत घातली.

हॉस्पिटलातून फाइली पुन्हा येऊ लागल्या. नवं मशीन कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेलं होतं. कॉम्प्युटरवाल्यानं कुठे काय सांगितलं होतं देव जाणे, पण ते वापरा असं कुणी म्हटलं नाही. नाना जुन्यावरच बसत. डाव्या कानात डॉक्टर, उजवा कान मोकळा. मोकळा ठेवून त्याला ऐकू काय यायचं, तर खिडकीचं दार वाऱ्यानं हलायचं, तेवढंच.

पहिले काही रिपोर्ट साधे होते. कुणाचा मुतखडा, कुणाचं सगळं ठीक. मग एका दुपारी नव्या फाइलीत एका माणसाचं नाव आलं, नानांच्या ओळखीचं नव्हतं. वय तरुण. डॉक्टर बराच वेळ नेहमीच्या सुरात सांगत राहिले आणि मग त्यांनी घसा खाकरला.

नानांनी टाइप केलं. बोटं याही वेळी अडखळली नाहीत. पुरं झाल्यावर त्यांनी बटण दाबलं आणि स्पीकरमधून भावोजी वाचू लागले. कुठे काही चुकलं नव्हतं. शेवटच्या ओळीनंतर भावोजी थांबले आणि खोली शांत झाली. नाना सवयीनं वाट बघत राहिले. मागून काही आलं नाही.

पुढची फाइल तयार होती, पायाखाली पॅडल होतं. कुठल्याशा घरात तो माणूस या घटकेला जेवत असेल, नाहीतर कामाला गेला असेल. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं.

नानांनी पाय पॅडलवरून काढला. टेबलाला हात टेकून ते उठले.

"चहा टाकतो," ते मोठ्यानं म्हणाले.

स्वयंपाकघरात साखर उजवीकडे पहिली होती, पूड तिच्या मागे. त्यांनी गॅस पेटवला, आधण ठेवलं आणि कान देऊन तिथेच उभे राहिले. आधी ते कुरकुरलं. मग एकदम गप्प झालं, तेव्हा त्यांनी हात तयार ठेवला.